कुलूप लावलेली खूण

मी एक काळी खूण आहे, मित्रांनो, नखाएवढी. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या पिशव्यांची लेबलं छापतात, तिथे प्रत्येक लेबलाच्या काठाबाहेर मी उभी असते. कापणाऱ्या यंत्राचा डोळा मला पाहतो आणि पातं खाली येतं. लेबल पुढे जातं, मी कतरणीत पडते. याचं मला कधी दुःख झालं नाही. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

पूर्वी पिशवीचं माप बदललं की मला हाताने नवी जागा द्यावी लागे. घाईत ते कुणीतरी विसरायचंच. मग बी.एस्सी. झालेली लायबा कामाला आली. तिने संगणकात माझं अंतर कागदाच्या कडेपासून न मोजता लेबलाच्या कडेपासून मोजलं. त्यानंतर लेबल वाढलं की मी आपोआप सरकायची. इतकी साधी गोष्ट. पण ती लावून देताना लायबा स्वतःशीच हसली होती.

एकदा लायबा सुट्टीवर होती. मोठ्या पिशवीसाठी लेबल लांब करायचं होतं. यंत्र चालवणाऱ्या मिथुनने मला पडद्यावर सरकताना पाहिलं आणि बिघाड समजून मला जुन्या जागी कुलूप लावलं. लेबल वाढलं, मी जागची हलले नाही. यंत्राने माझ्यावर भरवसा ठेवून पातं आधीच पाडलं. माझ्या शेजारी कतरणीत लाल अक्षरं येऊन पडली: ‘विषारी औषध लावलेले बियाणे. खाऊ नये.’

मला ओरडता येत असतं तर पत्रे हादरले असते.

दुसऱ्या दिवशी लायबाने कतरण उचलली. "मिथुनभाऊ, हे काय?"

"ताई, तुमच्या खुणा पळून राह्यल्या. म्या बांधून ठेवल्या."

"बकऱ्या हायेत का त्या?"

मालक अण्णासाहेब दारातून म्हणाले, "टेम्पो उभा हाय. चिटकवा जल्दी. खालची ओळ कोण वाचतंय?"

"साहेब, मका हाय ह्यो," लायबा म्हणाली. "पेरून उरला तर लोक दळून आणतात."

"आजवर मेलं का कुणी?"

"आजवर ओळ होती."

"तू मला शिकवू नको. लाव रे मिथुन."

लायबाने कटर घेतला आणि लेबलांच्या गठ्ठ्यांवर आडवातिडवा फिरवला. एकही लेबल चिकटवण्याजोगं उरलं नाही.

"उद्यापासून येऊ नको," अण्णासाहेब म्हणाले.

"न्हाई येत. पण आज लेबल बराबर छापूनच जाईन."

मिथुन खाली मान घालून संगणकाकडे गेला आणि त्याने माझं कुलूप काढलं. मी सरकून नव्या काठावर उभी राहिले. लाल ओळ पिशवीवर गेली. लायबा घरी गेली, ती परत आली नाही. आता पाहुणे आले की अण्णासाहेब मला कौतुकाने दाखवतात, "आमच्या खुणा आपोआप सरकतात." लायबाचं नाव ते घेत नाहीत.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पण एखादी गोष्ट कुणी विचार करून लावलेली असेल, तर ती का हलते हे विचारल्याशिवाय तिला बांधू नका. आणि विचारायला कुणी उरावं असं वाटत असेल, तर लायबासारखीला दार दाखवू नका.