टिटवीच्या वरची जागा

चार अंडी. मातकट, काळ्या ठिपक्यांची. खड्यांत अशी मिसळलेली, की पाय पडेपर्यंत दिसू नयेत.

रकाना तिसरा : संडास तंबूपासून किती पावलांवर?

आज पाऊस नाही. काल नव्हता. इंदापूर तालुक्यात बारा दिवसांत थेंब नाही.

नऊ डालगी, उपडी घातलेली.

बाभळीची काटकी, सकाळी सातला पाण्याच्या कडेला रोवलेली.

रकाना अकरावा : मुलांसाठी सुरक्षित आहे का? हो / नाही.

"गाडी खाली घेऊ का वर, ते एकदा ठरवा," ड्रायव्हर म्हस्कू खिडकीतून ओरडला. "बावीस फुटाचं धूड हाय ह्ये. वर वळंना, आन् खाली उतरलं तर परत चढंल का, ते कोन सांगनार?"

"मी सांगतो ना," अजित म्हणाला. "घ्या बिनधास्त."

कॅम्प अजितचा. भिगवणच्या अलीकडे, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून. वरच्या अंगाला खडकाळ माळ, सावलीचं नाव नाही. खालच्या अंगाला सपाट हिरवं गवत, थेट पाण्यापर्यंत. कॅम्पचे सगळे फोटो खालचे.

सोनल गवताकडे बघत उभी होती. बारामतीतली तिची कंपनी कॅराव्हॅन भाड्यानं देते आणि मुक्कामाच्या जागा निवडणं हे तिचं काम. उद्या पंधरा ऑगस्ट, त्याला जोडून शनिवार-रविवार. चार कॅराव्हॅन, चौदा तंबू, अठरा कुटुंबं, बहुतेकांची पोरं दहाच्या आतली. तीन वाजेपर्यंत जागा कळवायची होती. सकाळपासून तिनं दोन कॅम्प खोडले होते. एकात झोपाळ्यामागं बाटल्यांचा ढीग, दुसऱ्यात बायकांच्या संडासाला आतून कडी नाही. हा तिसरा आणि शेवटचा. इथं कडी होती. तपासणीच्या कागदावरचे दहा रकाने तिनं भरले होते, अकरावा तेवढा राहिला होता.

"हा विकेंड नीट गेला तर वर्षभराच्या गाड्या इथंच," ती अजितला मघाशी म्हणाली होती. तेव्हापासून अजित एका जागी उभा राहिला नव्हता.

"मम्मी, व्हिडिओतले आजोबा!" सात वर्षांची स्वराली गवतातून पळत सुटली.

पाण्याकडे तोंड करून उभा असलेला गेणबा दचकून वळला.

गेणबानं सत्तावीस वर्षं पाटबंधारे खात्यात रोजंदारीवर पाण्याची मोजपट्टी वाचली. रोज सकाळी एक आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. आयुष्यात दुसरं काही केलं नाही, असं तो स्वतःच सांगे. आता चार वर्षं अजितच्या कॅम्पवर होता. तंबूच्या मेखा ठोकायच्या, पिण्याचं पाणी भरायचं आणि पाहुण्यांच्या पोरांना टिटवीची गोष्ट सांगायची. टिटवीला पाणी आधी कळतं. ती जिथं अंडी घालते त्याच्या वर पाणी चढत नाही. मग तो पोरांना लांबून अंडी दाखवायचा आणि म्हणायचा, आपले तंबू टिटवीच्या वर हायती, झोपा निवांत. अजितनं त्याचा व्हिडिओ काढला होता. तो पंचेचाळीस हजार लोकांनी बघितला होता.

"खरं सांगू का काका," सोनल जवळ येत म्हणाली, "हा कॅम्प माझ्या यादीत आला तो तुमच्या व्हिडिओमुळे."

गेणबा काटकीकडे बघत होता. सकाळी कडेला रोवलेली काटकी आता वीस पावलं आत पाण्यात उभी होती. दुसरी त्यानं सकाळी दहा वाजता रोवली, तिच्याभोवतीही पाणी. उतार इतका कमी, की उभ्याला पाणी बोटभर चढलं तर आडव्याला पावलं मोजावी लागतात.

"आबा," अजित हळूच म्हणाला, "मॅडमना टिटवीचं सांगा की."

"अजित, पानी चढतंय."

"आबा, आभाळ बगा. ढग हाय का?"

"पाऊस तिकडं मावळात पडतोय. पानी हितं येतं."

"येतं की. दरवर्षी येतं." अजित सोनलकडे वळून हसला. "मॅडम, धरण अजून भरलेलंच नाही. आमच्या आबांची ही जुनी खोड. पावसाळा आला की काटक्या रोवत बसतात. घरी काकू पिठाचा डबाही मोजू देत नाहीत म्हणून इथं येतात."

म्हस्कू खो खो हसला. त्यानं गाडी चालू केली. पुढची चाकं मुरूम सोडून गवतावर उतरली.

"थांब!" गेणबा ओरडला. "काळी माती हाय खाली. भिजली तर क्रेन आनावी लागंल."

म्हस्कूनं ब्रेक मारला. गाडी अर्धी मुरमावर, अर्धी गवतावर उभी राहिली.

डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली. स्वराली अंड्यांपासून चार हातांवर उकिडवी बसली होती.

"मम्मी, खरंच चार आहेत! आपला तंबू ह्याच्या वर ना?"

"हो गं, इथंच वर." सोनलनं पेन काढलं. अडीच वाजून गेले होते. "काका, तुम्ही एवढी वर्षं पाणी मोजलंय. एका शब्दात सांगा. इथं तंबू टाकले तर मुलांना धोका नाही ना? मी हो लिहू?"

अजित गेणबाकडे बघत राहिला. त्यानं हात जोडले नव्हते, पण त्याच्या चेहऱ्यावर ते जोडलेले दिसत होते.

"न्हाय," गेणबा म्हणाला.

"म्हणजे धोका नाही?"

"म्हंजी हो लिहू नका. हितं लेकरं झोपवू नका."

"आबा!" अजितचा आवाज चढला. "ऊन लागलंय का तुमाला? तुमीच सांगता ना, टिटवीच्या वर पानी येत न्हाय म्हणून? सगळ्या पाहुण्यांला सांगता. फोनवर हाय तुमचं बोलनं, लावू का?"

"नगं लावू."

"का? लावतोच."

अजितनं फोन पुढे धरला. त्यातला गेणबा हसत होता, धुवट टोपीत, मागं हेच गवत. झोपा निवांत, तो म्हणत होता.

"टिटवीला नदी ठावी हाय," गेणबा फोनमधल्या आवाजापेक्षा मोठ्यानं बोलला. "धरन न्हाय. नदीचं पानी पाऊस आनतो. ह्ये पानी मानूस सोडतो, वरच्या धरनांची दारं उचलून. त्ये पाखराला कसं कळावं?"

"मग चार वर्षं काय सांगत होता?"

"गोष्ट."

स्वराली उठली. "आजोबा, म्हणजे तुम्ही खोटं सांगितलं?"

सोनल तिला गप्प करायला वाकली. पण तीही उत्तराची वाट बघत थांबली.

"व्हय," गेणबा म्हणाला.

गाडीचं इंजिन चालू होतं.

"मॅडम, वर लावू ना तंबू," अजित घाईनं म्हणाला. "वरची जागा साफ करून देतो दोन तासांत."

"आणि मुलं? दिवसभर मुलं पाण्याकडेच धावणार." सोनलनं अकराव्या रकान्यात 'नाही' लिहिलं. "तुम्ही मला खाली उतरवत होता, अजितराव. ते म्हणाले नसते तर मी उतरले असते."

गाडी मागे घेताना चाकं दोनदा फिरून माती उडाली, तिसऱ्यांदा निघाली. जाताना सोनलनं खिडकीतून गेणबाला हात केला. स्वरालीनं केला नाही.

गाडी डांबरी सडकेला लागून दिसेनाशी झाली तरी अजित तिकडेच बघत होता.

"बाहेरच्याम्होरं," तो म्हणाला. "मला आधी बाजूला घेऊन सांगायचं हुतं, आबा."

"सकाळपासनं तीनदा सांगितलं."

"किल्ल्या द्या."

गेणबानं कंबरेची जुडी काढली. संडास, कोठी, पाण्याची मोटर. एकेक ओळखून द्यावी तशी न देता, सगळी जुडी त्याच्या हातावर ठेवली. मग बाभळीची एक काटकी मोडली, पाण्याच्या नव्या कडेला रोवली आणि तिथून अंड्यांपर्यंत पावलं टाकली. टिटवी त्याच्या टोपीजवळून दोनदा ओरडत गेली. सकाळी एकेचाळीस पावलं होती. आता अठरा.

त्यानं चपला झटकल्या आणि सडकेकडे चालू लागला.

२००६ च्या ऑगस्टमध्ये मेंढपाळ बिरदेवानं मेंढरांचा वाडा कुठं लावू म्हणून विचारलं, तेव्हा गेणबानं त्याला टिटवीची अंडी दाखवून त्यांच्या वरची जागा दिली होती. पहाटे पाणी आलं तशी माणसं आणि मेंढरं उठून वर पळाली, वेताच्या डालग्यांखाली झाकलेली नऊ कोकरं पाण्यात राहिली.