अधिष्ठानाचा तास

डॉक्टरांनी जाता जाता एकच प्रश्न विचारला होता, आणि तेरा दिवस तो मृण्मयीच्या मानगुटीवर बसून होता. "हार्टचं हे दुखणं आदल्या दिवसापासूनच सुरू झालेलं असणार. आई कुणालाच काही बोलल्या नाहीत?"

त्या सोमवारी दुपारी आई गच्चीवर कपडे वाळत घालताना कोसळली. आदल्या संध्याकाळी तिने मृण्मयीला इंदूरला फोन केला होता. कैऱ्या महाग झाल्या, शेजारच्यांनी नवी गाडी घेतली, असलं सगळं बोलून झाल्यावर शेवटी म्हणाली, "डावा हात जरा अवघडलाय गं, बसून बसून." मृण्मयी म्हणाली होती, "मग शेक." आता ते "मग शेक" तिला घास गिळू देत नव्हतं.

दहावा रामघाटावर झाला, शनिवारी तेरावा आटोपला. रविवारी सकाळी नानाखेड्याच्या ध्यानवर्गात आईसाठी सभा होती. आई नऊ वर्षं दर रविवारी माधव नगरच्या घरून तिथे जायची. जन्मभर मराठी शिकवलेली बाई. वर्गात येणाऱ्या मराठी बायकांना पाली शब्द अडतात, हे पाहून तिने एका जाडजूड वहीत एकेक शब्द उलगडून लिहिला होता. दुक्ख म्हणजे नुसतं रडणं नव्हे. आसावर नीट न बसलेल्या चाकाची कुरकुर आठवा, असं. ती वही वर्गाला छापायची होती. मृण्मयीने ती पिशवीत घालून आणली होती.

"ताई, शांत राहा हं," रिक्षातून उतरताना धाकटा भाऊ निखिल म्हणाला. "भय्यासाहेबांनी किती केलंय. गाडी, मंडप, सगळं त्यांनीच बघितलं."

"मी कधी अशांत असते?"

"नसतेस. म्हणून तर भीती वाटते."

भय्यासाहेब हा वर्ग चालवायचे. जुन्या दरबारी घराण्यातले, गावात वजन असलेले, आवाज तुपात घोळवलेला. आईच्या फोटोशेजारी बसून ते म्हणाले, "रजनीताई गेल्या म्हणून रडायचं नाही. अनिच्च. सगळंच जाणारं आहे."

समोरच्या चाळीसेक माना हलल्या. मृण्मयीचं त्या शब्दाशी भांडण नव्हतं. तिनेही या विषयावर पुष्कळ वाचलं होतं. पण आईच्या वहीत होतं तितकं सरळ कुठे सापडलं नव्हतं. 'अनिच्च हा शब्द स्वतःला सांगावा. रडणाऱ्या माणसाला सांगू नये.'

"आता एक गोष्ट सांगतो," भय्यासाहेब पुढे सरकून बसले. "त्यांच्या शेवटच्या रविवारी अधिष्ठानाचा तास होता. नव्या लोकांसाठी सांगतो, अधिष्ठान म्हणजे निश्चय. तासभर मांडी मोडायची नाही, हात हलवायचा नाही, डोळे उघडायचे नाहीत. चाळीस मिनिटं झाली असतील, रजनीताईंनी डोळे उघडले. हळूच म्हणाल्या, भय्यासाहेब, डाव्या हातातून कळ येतेय, घाम सुटलाय. मी म्हटलं, ताई, वेदना आहे. फक्त बघा. येते, जाते. आणि काय सांगू तुम्हाला, त्यांनी डोळे मिटले आणि पुढची वीस मिनिटं हूं नाही की चूं नाही! याला म्हणतात उपेक्खा. सुखदुःखात मन समतोल ठेवणं. बिलकुल हलल्या नाहीत."

"साधु, साधु, साधु," सगळा हॉल एका सुरात म्हणाला.

म्हणजे आई बोलली होती. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर चाळीस माणसांसमोर, फोटोला हार घालून, कौतुकाने सांगितलं जात होतं.

मृण्मयीने वही काढली आणि अधिष्ठानाचं पान शोधलं. या पानावरची लाल रेघ तिने आधीही पाहिली होती. आईचीच दुरुस्ती असेल, असं तिला वाटलं होतं. आता तिने अक्षर नीट पाहिलं. गेल्या महिन्यात वही भय्यासाहेबांकडे तपासायला गेली होती.

ती उभी राहिली. "एक पान वाचते. तुम्हाला छापायचंच आहे."

"वाच ना बेटा."

"'अधिष्ठान. ठरवलं ते तडीस नेणं. मात्र पायाला मुंग्या येणं वेगळं आणि शरीराने हाक मारणं वेगळं. छातीत किंवा हातात कळ आली, घाम फुटला, तर ताबडतोब उठावं आणि डॉक्टर गाठावा. प्रत्यक्ष बुद्धांची पाठ दुखायला लागली की ते शिष्याला पुढचं सांगायला लावून आडवे होत. त्यांना वैद्यही होता.'" तिने वही सगळ्यांना दिसेल अशी धरली. "'मात्र'पासून पुढे लाल रेघ मारलीय. बाजूला लिहिलंय, 'काढावे. नव्या साधकांना पळवाट मिळेल.' हे अक्षर तुमचं ना, भय्यासाहेब?"

भय्यासाहेबांनी फोटोवरचा हार सारखा केला.

"बेटा, तू दुःखात आहेस," भय्यासाहेब म्हणाले. "राग हीसुद्धा एक वेदनाच आहे. तिच्याकडे बघ."

"बघतेय. आईने तुम्हाला सांगितलं. तिला उठवायचं होतंत."

"मी काय डॉक्टर आहे का?" आवाजातलं तूप एकदम उतरलं.

"नाही. म्हणूनच उठवायचं होतं."

"ताई, चल आता," निखिलने तिची ओढणी ओढली. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून सुलूमावशीचा हुंदका आला. सुलूमावशी आईची मैत्रीण, नऊ वर्षं शेजारच्या आसनावर बसणारी.

"मला माहीत पडलं होतं गं. तिचा श्वास बदलला होता. पण तासातून कोण उठतं? नंतर चाय घेताना विचारलं तर हसली. म्हणाली, सुलू, उठावं म्हणून मीच लिहिलं आणि मीच बसून राहिले. चार लोकांत उठायचं म्हणजे कसं दिसतं!"

मृण्मयी खाली बसली. इतका वेळ तिचा राग एका माणसावर नीट रोखलेला होता, आता तो सैरभैर झाला. आईचाही राग आला तिला, इतका की फोटोकडे बघवेना. लिहायचं शहाण्यासारखं, वागायचं भिडस्तासारखं. आणि मुलीने सांगायचं, मग शेक.

भय्यासाहेबांनी घसा साफ केला. "वही ठेवून जा, बेटा. ताईंची इच्छा होती."

"रेघ पुसून छापणार?"

"त्यावर समितीत चर्चा करू."

तिने वही पिशवीत टाकली आणि पिशवी खांद्याला लावली.

"आता ताईंच्या स्मरणार्थ एक तास अधिष्ठान," असं म्हणून त्यांनी घंटा वाजवली. भराभर डोळे मिटले. सुटल्यासारखे मिटले, असं मृण्मयीला वाटलं. निखिलही मांडी घालून बसला. सुलूमावशीच्या शेजारचं आईचं निळं आसन रिकामं होतं. मृण्मयी जाऊन त्यावर बसली.

दहा मिनिटं झाली. पंधरा. तिला कसलीच कळ येत नव्हती, मुंग्यासुद्धा नाहीत. अजून सहज बसता आलं असतं.

ती उठली. गुडघा कटकन वाजला, आसन फरशीवर खरखरलं. पुढच्या रांगेतले दोन डोळे उघडले, मग आणखी चार. भय्यासाहेबांनीही पाहिलं. तर असं दिसतं हे, तिच्या मनात आलं. एक बाई उठून उभी आहे, बस.

ती दाराकडे निघाली. मागून भर हॉलमध्ये, आवाज जराही न दबवता, कुणीतरी म्हणालं, "थांब गं, मला हात दे. माझी कंबर धरलीय."

मृण्मयी मागे फिरली आणि तिने सुलूमावशीला हात दिला.