पत्रिकेवरचे मामा

लोणीतली माळावरची जमीन विकली गेली आणि आमचे हे सयाजीचे सयाजीशेठ झाले. तिथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण आमच्या लेकीला, प्राचीला पुण्याच्या बिल्डरचं स्थळ आलं, तसे हे पार हवेतच चालायला लागले. लग्नपत्रिकेत चाळीस पुढाऱ्यांची नावं छापली. आणि मुलीचे मामा म्हणून कुणाचं, तर पतसंस्थेच्या चेअरमनचं! माझा पाठचा सख्खा भाऊ जानकू मढला भातशेती करतो. त्याचं नाव कुठंच नाही.

"डोंगराकडचा टोपीवाला मानूस स्टेजवर कसा दिसंल?" हे म्हणाले. "व्याह्यांपुढं माझी काय शोभा ऱ्हाईल?"

हाच जानकू लहानग्या प्राचीला खांद्यावर घेऊन लेण्याद्रीच्या सगळ्या पायऱ्या चढला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी गप्प बसले. लग्नघरात तमाशा नको म्हटलं.

लग्नात तासभर नुसते पुढाऱ्यांचे सत्कार चालले. मुहूर्त कधीच टळून गेला. जानकूला ह्यांनी जेवणाच्या मंडपात, वाढप्यांवर नजर ठेवायला बसवलेलं. अखेर माईकवाला ओरडला, "मामांनी नवरीला घेऊन यावं!" चेअरमन फेटा सावरत नवरीच्या खोलीकडे निघाले.

प्राचीनं आतून कडी घातली.

"माझा मामा आल्याबिगर मी भाईर येनार न्हाई!"

मंडपात कुजबुज सुरू झाली. व्याही घड्याळ बघायला लागले. हे दातओठ खात माझ्याजवळ आले.

"साधना, पोरीला समजाव. स्थळ हातचं जाईल."

"जाऊ द्या," मी म्हणाले.

माझं मलाच नवल वाटलं. आणि लाजही वाटली, की पोरीनं जे केलं ते मी महिनाभर आधी का केलं नाही. तरातरा स्टेजवर चढले आणि माईक हातात घेतला.

"मढचे जानकूभाऊ, नवरीचे सख्खे मामा, आसाल तिथून या!"

जानकू आला. हाताला बुंदीचा पाक, डोक्यावर तीच टोपी. कडी निघाली. प्राचीनं त्याचा चिकट हात घट्ट धरला आणि रडत, हसत स्टेजवर आली. व्याह्यांच्या रांगेतली चार-दोन तोंडं वाकडी झाली. नवरदेव मात्र जागचा हलला नाही.

माईक अजून माझ्याच हातात होता.

"ज्यांना आमच्या मामाचा कमीपना वाटतो, त्यांनी जेवनाच्या मंडपात जाऊन बसावं," मी म्हणाले. "वाढप्यांवर नजर ठेवायची जागा आत्ताच मोकळी झालीय."