तळाशी उरलेला घोट

मी चर्चमधल्या प्रभुभोजनाचा प्याला बोलतोय. चांदीचा समजू नका. पितळेचा आहे, वर चांदीचा मुलामा. मला घडवणारा तांबट प्रार्थनेला कधी फिरकला नाही. पण काठ त्याने असा वळवला की आजवर कुणाच्या ओठाला टोचलेला नाही.

दर रविवारी पाळक मला दोन्ही हातांनी उचलतो आणि ख्रिस्ताचे रक्त म्हणतो. मग मंडळी एकेक घोट घेते. पाळक माझा काठ पुसतो, मला जरा फिरवतो, पुढच्याला देतो. मिशीवाले मिशी सावरतात. काहीजण नुसता ओठ टेकवतात आणि प्यायल्याचा आव आणतात. मला कळते.

शेवटची पाळकीणबाई, म्हणजे पाळकाची बायको. उरलेले सगळे तिने प्यायचे, मला पाण्याने खळबळून तेही प्यायचे. पवित्र झालेल्याचा थेंबही टाकायचा नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून हे काम तिचे.

मग ती आजारी पडली. औषधांनी केस गेले. तिची लेक प्रयोगशाळेत रक्त तपासते. चर्चची पायरी चढणे तिने कधीच सोडले होते. त्या शनिवारी पाळकीणबाई मला फडक्याने पुसत होती, तेव्हा लेक समोर येऊन उभी राहिली.

"आई, उद्या तू पिणार नाहीस. सगळ्यांच्या तोंडचे जंतू शेवटी तुझ्या पोटात जातात."

"त्या प्याल्यात जीवन आहे," पाळक दारातून म्हणाला.

"बाबा, मी रोज रक्त बघते. यात द्राक्षाचा रस आहे."

"आणि तू आईच्या काळजाचा तुकडा ना? मग दाखव, कुठे कापलंय ते."

"तुकडा आहेच. म्हणून तर जीव तुटतोय. तिच्या पांढऱ्या पेशी उतरल्यात, बाबा. साधा ताप तिला घेऊन जाईल."

पाळकाने बायकोकडे पाहिले.

"भांडा खुशाल," पाळकीणबाई म्हणाली. "दोघंही खरंच बोलताय. पण प्याला रिकामा कोण करणार, ते सांगा."



रविवारी पाळकाने मला उचलले. शब्द तेच. पण स्वतः पिण्याआधी तो खाली उतरला आणि पहिला घोट बायकोला दिला. बाकांवर कुजबुज झाली. पाळकीणबाई प्यायली आणि सवयीने तळ शोधू लागली. मी काठोकाठ भरलेला होतो.

सगळे पिऊन झाले. तळाशी थोडे उरले. तेव्हा मागच्या बाकावरून लेक उठली. तिने आत पाहिले. त्यात काय काय असेल, हे तिच्याइतके तिथे कुणालाच ठाऊक नव्हते. एका दमात प्यायली. पाणी ओतून खळबळले, तेही प्यायली.

"कसं लागलं गं?" आईने विचारले.

"आंबट." तिने तोंड पुसले. "आणि सगळ्यांचं थोडं थोडं."

आता माझ्या काठाचा मुलामा उडालाय, पितळ दिसते. पाळकीणबाई अजून पहिला घोट घेते, लेक शेवटचा. माझ्यात रस असतो की रक्त, ते मला विचारू नका. मी धातू आहे, ओतलेले धरतो. एवढेच सांगतो, जो अशक्त आहे त्याला आधी द्या. आणि तळाशी उरलेले प्यायला कुणीतरी उठा.