अधिक की काट

कल्पना करा, बाळांनो: शाळेच्या व्यायामगृहात, मतदानाच्या पडद्याआड, वेल्ताआजींनी पेनाचं टोपण दातांनी उपटलं आहे. इतका राग! शेजारी त्यांची नात लास्मा, याच शाळेत तिसरीत शिकणारी.

युरोपच्या संसदेत लात्व्हियातून नऊ जण जायचे होते. आजींना प्रत्येक पक्षाच्या यादीचा एकेक कागद मिळाला होता. आपल्या पक्षाचा कागद निवडायचा, आवडत्या नावापुढे अधिकाची खूण करायची, नावडत्या नावावर एका रेघेनं काट मारायची आणि कागद लिफाफ्यात घालायचा. आजींचा पक्ष ठरलेला होता. त्या यादीत चौथं नाव मात्र गुनवाल्दिसचं होतं, त्यांच्या पालिकेच्या अध्यक्षाचं. ही शाळा बंद करण्याच्या हुकमावर सही त्याचीच. सप्टेंबरपासून लास्माला सत्तावीस किलोमीटर लांबच्या शाळेत जावं लागणार होतं.

“ह्या मेल्याला अक्षरं मी गिरवायला शिकवली,” आजी पुटपुटल्या, “आणि माझ्याच शाळेला कुलूप! बघ आता, अशी काट मारते की कागद फाटेल.”

“फाटला तर मत बाद होईल, आजी.”

“गप गं.”

“काट मारली की ते कुठे जाणार?”

“जातोय कुठे! बसेल इथेच, खुर्ची उबवत.”

“आणि अधिक केलं तर?”

“मग पाच वर्षं ब्रुसेल्सला, त्या संसदेत. ऐटीत, विमानानं...”

आजी थांबल्या. पेन नावाशेजारी टेकलेलं, शाईचा ठिपका पसरत चाललेला.

“म्हणजे शिक्षा केली तर हा आपल्याच बोकांडी,” त्या दात आवळून म्हणाल्या, “आणि सुटका हवी तर ह्याला बक्षीस द्या!”

त्यांनी लास्माचं तोंड पडद्याकडे वळवलं. पेन करकरलं. रेघ एक होती की दोन, लास्माला कळलं नाही.

दारात खुद्द गुनवाल्दिस भेटला. मत द्यायलाच आला होता.

“काय बाई! जुन्या विद्यार्थ्याला अधिक की काट?”

“वर्गात विचारल्यावर तू कधी उत्तर दिलंस का रे?” आजींनी फटकारलं.

तो हसला आणि लास्मापुढे वाकला. “तू सांग. तू तर आतच होतीस.”

“मतदान गुप्त असतं,” लास्मा म्हणाली.

मग ती त्याला वळसा घालून तिसरीच्या वर्गात शिरली, आपल्या बाकावर बसली आणि दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली. आधी त्यानं हाक मारली, मग आजींनी. तिनं कड सोडली नाही.