वारा पाठीवर

हरीण कसं मारायचं, हे मी माझ्या वडिलांना विचारलं. तेही परदेशात, आमच्या बेडोकच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवर, सकाळची कॉफी पिताना. आप्पा चंद्रपूरकडे तीस वर्षं फॉरेस्ट गार्ड होते. शिकारी पकडण्यात त्यांची उभी हयात गेली, त्यामुळे शिकारीतलं त्यांच्याइतकं मला माहीत असलेल्या कुणालाच कळत नव्हतं.

मला हौस नव्हती. सत्तेचाळीस वर्षांचा, गुडघे कुरकुरणारा माणूस मी. पाया लेबारच्या ऑफिसातून घरी आलो की जेवायचाही कंटाळा येतो. पण आमचा साहेब ग्रेग न्यूझीलंडचा. बढती द्यायच्या आधी तो माणसांना भावाच्या रानात शिकारीला नेतो आणि तिथे पारखतो. या खेपेला मी आणि निशिकांत असे दोघे होतो, आणि बढती मला हवीच होती. २०१८ उजाडलं तसा आईवडिलांना या देशात जवळ ठेवण्याच्या पाससाठी, म्हणजे परवान्यासाठी, लागणारा पगार वाढला होता. माझा त्यात बसत नव्हता. आप्पांचा पास संपत आला होता आणि आई गेल्यावर त्यांना चंद्रपूरला एकटं ठेवणं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

हे सगळं आप्पांना ठाऊक होतं. कॉफी ढवळत ते बोलायला लागले.

“साबण नको लावजो. कपडे जुनेच घाल. पावलाची कड आधी टेकव, मग पाऊल. त्यानं मान वर केली की आहे तिथंच थांब, मान खाली गेली की चाल. नेम पुढच्या पायाच्या मागं, डोक्यावर नाही. आन गोळी लागली तरी धावू नको, अर्धा घंटा बसून राहा. मागं लागला त मरता मरता कोसभर पळते ते.”

“आणि वारा?”

“वारा पाठीवर ठेवजो,” ते म्हणाले. “समोरून आला त डोळ्यांत पाणी येते.”

मी सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. इंजिनिअर आहे, यादी हातात आली की मला बरं वाटतं.

न्यूझीलंडात ग्रेग घळीच्या खाली बंदूक घेऊन बसला आणि दुसरी माझ्या हातात देऊन मला वरच्या अंगाने यायला सांगितलं. मी यादीबरहुकूम चाललो. सांबराएवढं एक हरीण खाली चरत होतं. दोनशे पावलं असतानाच त्याने नाक वर केलं, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि पलीकडच्या उतारावरून दिसेनासं झालं. ग्रेग तीन वर्षं त्याच्या मागे होता. तो ओरडला नाही. “वारा पाठीवर घेऊन आलास. तुझा वास तुझ्याआधी पोचला,” एवढंच म्हणाला. परतीच्या विमानात तो निशिकांतशेजारी बसला. बढतीही त्यालाच मिळणार, हे उतरायच्या आत मला कळलं.

घरी आलो तेव्हा आप्पा खिडकीशी पेपर वाचत होते. बॅगही खाली न ठेवता मी विचारलं, “आप्पा, वाऱ्याचं तुम्ही विसरलात का?”

त्यांनी हो म्हणावं, असं मला फार वाटत होतं. वयोमानाने विसरले असते तर मी ते गिळलं असतं.

“विसरलो नाही,” ते म्हणाले. “बाकी सगळं खरं सांगितलं. म्हटलं, म्हणजे तुले शंका नाही येणार.”

“आणि तुमचा पास?”

“तेही माहीत होतं.” त्यांनी पेपरची घडी घातली. “मी नाही म्हटलं असतं त तू गेलाच नसता. मग जन्मभर म्हटला असता, आप्पामुळं राहिलं. आन जनावर मारून मिळालेल्या बढतीवर मले इथं राहता नसतं आलं.”

“मला सोडून राहता येईल?” माझा आवाज चढला. मला राग आला होता आणि भांडायचं त्राण नव्हतं.

आप्पांनी पुन्हा पेपर उघडला. माझी बायको राधिका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तीच म्हणाली, “त्यांचं नागपूरचं तिकीट झालंय. तू निघालास, त्याच दिवशी काढायला लावलं मला.”