धडधाकट घोटा

खर्रर्...

निजलेल्या घरात पट्ट्याची चिकटपट्टी उचकटल्याचा आवाज एवढा मोठा झाला, की झियोनेनं दचकून मुलीकडे पाहिलं. वेझीनं कूस बदलली आणि पुन्हा झोपली. झियोनेनं घोट्याचा पट्टा आवळला, उजव्या पायावर उडी घेतली, नसलेला चेंडू झेलला आणि वळायला गेली. टाच उचललीच गेली नाही. अख्खं पाऊल जमीन घासत गेलं.

नेटबॉलमध्ये चेंडू झेलताना टेकलेलं पाऊल रोवलेलंच ठेवायचं. वळायचं ते त्याच्या चवड्यावर, गरकन. घसटलं की शिट्टी, आणि चेंडू दुसऱ्यांचा. झियोनेचं वळणं थ्योलो जिल्ह्याच्या सगळ्या चहामळ्यांत ठाऊक होतं. त्या वळण्यावरच मळ्यानं तिला आपल्या संघात घेतलं आणि पानं खुडण्यातून काढून कारखान्यात चहा चाळायला लावलं होतं. कारखान्याला लागून बालवाडी. दुपारच्या सुट्टीत वेझीला स्वतःच्या हातानं मक्याच्या पिठाची न्सिमा भरवता येई. संघातून नाव गेलं की पुन्हा उतारावर, पाठीला टोपली, आणि पोर दिवसभर कुणाच्या तरी दारात.

गेल्या हंगामात एका मुलीचा घोटा मोडला. म्हणून आता मळ्याच्या साहेबाचा नवा हुकूम होता: सगळ्यांनी पट्टे बांधायचे, पाय दुखो न दुखो. आणि आजच्या सामन्यावर नव्या हंगामाची नावं ठरणार होती.

मैदानावर संघातली फानेसी तिला बघून हसत सुटली. फानेसी गोलाच्या खांबाखाली उभी राहायची. तिला वळणं कमी, उड्याच जास्त.

"अगं बये, दावं लावलेल्या शेळीसारखी काय चालतेस?"

"तुझं बरं आहे गं खांबा! एका जागी उभं राहायचा पगार तुला."

हसणं तेवढंच. खेळ सुरू झाला आणि पहिल्याच झेलाला शिट्टी वाजली. थोड्या वेळानं पुन्हा. कडेला बायका गात होत्या, त्यांच्या गाण्यावरून वेझीचा आवाज आला, "आई, वळ ना!"

मध्यंतरात झियोने नामालोम्बा मॅडमपुढे जाऊन बसली. त्यांनीच तिला लहानपणापासून खेळ शिकवलेला.

"मॅडम, उजवा तेवढा काढू द्या. माझ्या पायाला काही झालेलं नाही हो."

मॅडमनी तिच्या घोट्यावर हात ठेवला. "मला दिसत नाही होय? मुरगळलेल्या पायाला हा आधार, तुझ्या पायाला अडसर. शहरातून तो व्यायामाचा डॉक्टर आला होता, तोही हेच म्हणाला. घोटा धरून ठेवलात तर पाऊल मोकळं हलायचं कसं?"

"मग सांगा ना साहेबाला."

"सांगितलं. म्हणाला, मोडलेल्या पायाचा खर्च तुम्ही देणार का?" त्यांनी आवाज खाली आणला. "तो बघ, बसलाय खुर्चीत. काढलास तर आत्ताच बाहेर करेल."

"आणि ठेवून खेळले तर पंच शिट्ट्या मारतोय."

"पाय तुझा आहे गं पोरी. पण संघ मळ्याचा." मॅडम उठल्या. तिच्याकडे न बघता उठल्या.

उत्तरार्धात झियोनेनं वळणंच टाळलं. चेंडू आला की मागे द्यायचा, ज्या बाजूला तोंड त्याच बाजूला. खेळ मंदावला; बायका गायच्या थांबल्या. शेवटी बरोबरी असताना चेंडू तिच्या हातात आला आणि पाठीमागून फानेसी ओरडली, "इकडे! मोकळी आहे मी!" अंग आपोआप वळलं. पाय मागे राहिला, मग फरफटत आला. शिट्टी.

कुठं काही दुखलं नाही. घोटा जिथल्या तिथं, शाबूत. मोडला असता तर निदान चार माणसं धावत आली असती.

मॅडमनी हात वर करून तिला बाहेर बोलावलं. तिच्या जागी आत जाणाऱ्या पोरीला पट्टे नव्हते, म्हणून झियोनेनं आपलेच सोडून दिले. त्या पोरीनं ते तसेच, घामानं ओले, बांधून घेतले.

"सोमवारी मुकादमाला भेट," मॅडम म्हणाल्या. "उताराच्या कामासाठी. मी बोलून बघेन, पण..."

"असू दे मॅडम."

चहाच्या रांगांमधून मायलेकी घरी निघाल्या. वेझी आधी पुढे पळाली, मग थांबून आईची पावलं बघत राहिली.

"आई, पट्टे तर तू देऊन टाकलेस ना?"

"हो."

"पायही दुखत नाही?"

"नाही गं."

"मग अजून तू अशी का चालतेस?"